रुंद दाराची केबिन

१९ जानेवारी
डायरी लिहिणं हा माझा पिंड नाही. पण आईवर चिडून झालं तरी थोडा राग शिल्लक उरतो, तो कुठेतरी ठेवायला हवा. नाटकाच्या लोकांवर काढला तर ते सोडून जातील.

आज सकाळी चहा पिताना आई म्हणाली, "मला बोटीवर ने."

मला वाटलं थट्टा करते आहे. खुबा मोडून वर्ष झालं, आत प्लेट आहे, घरात वॉकर घेऊन चालते, बाहेर पडायचं तर चाकांची खुर्ची. आणि हिला बोट हवी! म्हटलं, "कुठल्या बोटीवर? तळ्यातल्या?"

"ती मोठी. आठवडाभर पाण्यात असते ती. जिथून जमीन दिसत नाही तिथे जाणारी."

मग कारण सांगितलं. ते मला अर्धवट माहीत होतं. आई कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात होती, जन्मभर शेड जुळवल्या. एकदा गिऱ्हाईकाकडून नुसतं नाव आलं, 'खोल समुद्र', नमुना नाहीच. साहेब म्हणाले, तुम्हीच काय ते बनवा. हिने बनवली. निळ्यात थोडा हिरवा घातला. ती शेड इतकी चालली की ही निवृत्त होईपर्यंत त्याच रंगाचे तागे निघत होते. आणि खोल समुद्र हिने पाहिलेलाच नाही. किनारा पाहिलाय, पण तो गढूळ.

"एकदा बघायचंय," म्हणाली, "जमला होता की चुकला होता."

"त्याने काय होणार आता?"

"होणार काय? कळेल."

नाही म्हणायचं मनात होतं. पण वर्षभरात तिने काही मागितलेलं नाही. मीच एकेक काढून घेतलं आहे. सतरंज्या उचलल्या, गॅसला हात लावायचा नाही असं ठरवलं, बाल्कनीच्या दाराला कडी वर बसवली. सगळं तिच्याच भल्यासाठी. तरी मागताना ती माझ्याकडे न बघता कपाकडे बघत होती ते मला लागलं. हो म्हटलं.

२४ जानेवारी
प्रवास कंपनीत गेले. तिथे एक टायवाला आहे, बोलतो असा की जहाज त्याच्या वडिलांनी बांधलंय. मार्चमध्ये एक बोट सुटते, जागा आहे. मी म्हटलं, केबिनच्या दाराची रुंदी सांगा. तो हसला. म्हणाला, "मॅडम, लोक खिडकी विचारतात."

लोक विचारोत. मी बॅकस्टेज सांभाळते. कुठला सोफा कुठल्या विंगेतून जाईल आणि कुठला अडकेल हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. शेवटी त्याने कुठून तरी नकाशा काढला. साध्या केबिनचं दार अरुंद, वॉकर आत जाणार नाही. बाथरूमला उंबरा. इथेच घोडं अडलं. रुंद दाराच्या केबिन मोजक्याच असतात आणि सप्टेंबरच्या आधीच्या सगळ्या बोटींवर त्या भरलेल्या.

घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "वॉकर दाराबाहेर राहील. मी भिंत धरून आत जाईन. मार्चचं घे."

"आणि पडलीस म्हणजे? समुद्रात कुठला हाडांचा डॉक्टर?"

"मार्चचं घे," पुन्हा तेच.

म्हटलं, बघू. आधी तालीम करू.

२ फेब्रुवारी
आज हॉलमधलं सामान भिंतीला लावलं आणि जमिनीवर केबिन आखली. नाटकाचा सेट तयार नसतो तेव्हा तालमीत आम्ही असंच करतो. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या मारायच्या, ही भिंत, हे दार, हा पलंग, आणि नटांनी ते खरं मानून वावरायचं. नकाशाबरहुकूम मापं घेतली. भिंती लाल, बाथरूमचा उंबरा पिवळा.

आई आली, वॉकर दाराबाहेर ठेवला, आणि थेट भिंतीतून आत शिरली.

म्हटलं, "आई, भिंत आहे ती."

"कुठाय?"

"लाल पट्टी! पायाखाली!"

मान खाली घालून तिने शोधली, इकडे तिकडे, आणि मग सापडली तेव्हा म्हणाली, "हां, ही होय." पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला दारातून आली, पण पलंगाच्या पट्टीवरून सरळ चालत गेली. उंबरा तर तीनदा तुडवला. आमच्याकडे नवशिके नट असे करतात, पण ते दोन दिवसांत शिकतात.

मी ओरडले. ओरडायला नको होतं. पण ही बाई मुद्दाम करते आहे असंच वाटत होतं. नटमंडळी मला हवालदार म्हणतात ते उगाच नाही.

"भूत आहे मी," आई म्हणाली. "भुतांना भिंती नसतात." आणि स्वतःच हसली. मला हसू आलं नाही.

६ फेब्रुवारी
पुन्हा तेच. आज उंबरा ओलांडून दाखव म्हटलं तर हवेत पाय उचलला, तोही उंबऱ्याच्या हातभर अलीकडे. मग दुपारी टेबलावरचा माझा कप हाताने उडवला. कप तिच्या शेजारीच होता, डाव्या हाताला. म्हणे, "तू कुठेही ठेवतेस."

पाय अधू झाला की माणूस वेंधळा होतो असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं. लक्ष सगळं पायाकडे. पडली तेव्हाही म्हणाली होती की शेवटची पायरी दिसलीच नाही. डोक्यावर ट्यूबलाइट जळत होती आणि म्हणे दिसली नाही! पडलेला माणूस काहीतरी कारण देतोच.

डोळ्यांचा तर प्रश्नच नाही. या वयात बिनचष्म्याने पेपर वाचते. छोट्या जाहिरातीसुद्धा. मागे औषधाच्या दुकानात तो अक्षरांचा तक्ता लावलाय, त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवली, दुकानदार चाट पडला. मला चाळिशीपासून चष्मा. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, पाय माझे घे आणि डोळे मला दे.

म्हणून चीड येते. दिसतं सगळं, पण ऐकायचं नाही.

११ फेब्रुवारी
डोकं चालवलं. जुन्या नाटकाचे फ्लॅट गोदामात पडले होते, लाकडी चौकटीवर कापड ताणलेल्या त्या खोट्या भिंती. टेम्पोतून घरी आणल्या आणि हॉलमध्ये पट्ट्यांवर उभ्या केल्या. उंबऱ्याच्या जागी फळी ठोकली. शेजारच्या मास्तरीणबाई बघायला आल्या, त्या निवृत्त शिक्षिका आहेत, आईच्या मैत्रीण. म्हणाल्या, "घराचं काय जहाज केलंस गं!"

आणि काय सांगू, आई पास! दारात वॉकर सोडला, हात भिंतीला लावला आणि भिंतीवरून हात सरकवत पलंगापर्यंत, तिथून बाथरूमच्या दारापर्यंत. पायाच्या अंगठ्याने फळी चाचपली, वर पाय टाकला, आत. एकदाही अडखळली नाही. पट्ट्यांवर नापास आणि फ्लॅटवर पहिली. असं कसं ते मला कळेना. बहुतेक तिला पट्ट्यांचा खेळ पोरकट वाटला असणार.

मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. आई दमली होती, पण चेहरा असा झाला होता की मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"आता मार्च," ती म्हणाली.

१८ फेब्रुवारी
नाही. मार्च नाही.

आठवडाभर विचार केला. घरातले फ्लॅट हलत नाहीत. जहाज हलतं. भिंत धरली आणि भिंतच कलली तर? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यात लाज कसली. दवाखान्यातले ते दिवस मी विसरलेले नाही. ती रात्रभर कण्हायची आणि मला म्हणायची, घरी जा, झोप.

सप्टेंबरच्या बोटीची रुंद दाराची केबिन नक्की केली. व्हीलचेअरसकट आत जाता येतं, बाथरूमला उंबरा नाही, धरायला दांडे आहेत. टायवाला म्हणाला, "आता समाधान झालं ना, मॅडम?" म्हटलं, झालं.

आईला सांगितलं तेव्हा ती पेपर वाचत होती. पेपर खाली केला नाही. मग त्या पेपरच्या मागून म्हणाली, "तुझं भांडण दाराशी आहे की माझ्याशी?"

"तुझ्या भल्यासाठी करतेय."

"भलं आत्ता कर. सप्टेंबर लांब आहे."

"सहा महिने म्हणजे काय लांब? कुठे जायचंय तुला?"

जेवली नाही. मी ताट झाकून ठेवलं. मोडेन पण वाकणार नाही असा स्वभाव, आणि तोच माझ्यात उतरलाय, त्यामुळे दोघींत मध्यस्थी करायला कोणी नाही.

९ मार्च
ती बोट आज सुटली असणार. मुद्दाम विषय काढला नाही. आईने काढला नाही.

जिन्यात मास्तरीणबाई भेटल्या. दर गुरुवारी त्या आईला खुर्चीवरून फिरायला नेतात, बागेत म्हणे. दोघी येतात तेव्हा आई गप्प असते आणि डोळे लाल. बागेत धूळ फार, म्हणून मास्तरीणबाईंनी तिला कसलेतरी थेंब आणून दिलेत, ते आमच्या फ्रिजच्या दारात असतात.

त्यांनी माझा हात धरला. "अगं, तिला न्यायला हवं होतंस या बोटीने. उशीर करू नये."

मला राग आला. म्हटलं, "आईला काही होत नाही. तिचं हृदय घड्याळासारखं चालतंय, डॉक्टरच म्हणाले. अजून वीस वर्षं मला सळो की पळो करून सोडेल."

"ते नाही म्हणत मी."

"मग काय म्हणता?"

त्या आईच्या दाराकडे बघत राहिल्या. "तिने शपथ घातलीय," म्हणाल्या आणि खाली उतरल्या. कसली शपथ? म्हाताऱ्या बायकांचं काहीतरी गुपित. माझ्याविरुद्ध दोघींची आघाडी आहे एवढं कळलं.

२० मार्च
आईने पेपर बंद केला. म्हणे बातम्या सगळ्या वाईटच असतात. खरंच आहे. पेपरवाल्याला सांगून टाकलं.

१३ जून
बरेच दिवस लिहिलं नाही. नवं नाटक उभं राहतंय, दिग्दर्शक रोज मत बदलतो, आणि सेट त्याच्या मतामागे धावतो. घरी येईतो जीव नकोसा.

फ्लॅट अजून हॉलमध्येच आहेत. मी परत न्यायला निघाले होते, आई म्हणाली राहू दे. तिने पलंगसुद्धा त्यांच्या आत हलवून घेतला. दिवसभर त्या खोट्या केबिनमध्ये असते. भिंती जवळ असल्या की बरं वाटतं म्हणते. मलाही बरं, एका जागी असते.

आज गंमत झाली. पायात एक मोजा करडा आणि एक हिरवा. जन्मभर दोन काळ्यांतला फरक सांगणारी बाई! मी पोट धरून हसले. म्हटलं, सुताराच्या घरी खुर्ची मोडकी.

"फॅशन आहे," ती म्हणाली. पण मोजे काढले, दोन्ही हातांत धरले, नाकाजवळ नेले, आणि मग उशीखाली सारले. दिवसभर अनवाणी बसली. थट्टा लागली बहुतेक. हल्ली पटकन लागतं तिला.

२ जुलै
आज वाईट भांडण. घरी आले तर बाल्कनीची कडी काढलेली, आणि ही कठड्याला धरून उभी, वॉकर नाही, काही नाही, चेहरा उन्हात वर केलेला. ओढतच आत आणली. म्हटलं, "तुला मरायचंय का?"

"नाही गं. उजेड बघत होते."

"आतून बघ उजेड. खिडकी कशाला आहे?"

माझ्या नखांचे वळ उठले तिच्या दंडावर. मी मलम लावलं. ती म्हणाली, "तू लहानपणी रस्ता ओलांडताना माझा हात असाच घट्ट धरायचीस." मग मला रडू आलं, आणि चीडही आली, आणि कडीला कुलूप घातलं.

मी डोळ्यांत तेल घालून जपते आहे तिला. कुणाला त्याचं काही आहे का?

२५ ऑगस्ट
नाटकाचा पहिला प्रयोग पुढे गेला. नेमका बोटीच्या आठवड्यात. दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, हवालदार नसेल तर पडदा वर जाणार नाही. आणि खरंच आहे ते, माझ्याशिवाय त्यांना उजवी विंग डावीकडे सापडते.

टायवाल्याला फोन केला. नोव्हेंबरच्या बोटीवर तशीच केबिन आहे. तारीख बदलून मिळाली.

आता आईला सांगायचं म्हणजे पुन्हा नाकी नऊ येणार, म्हणून आधी चहा करून नेला, बिस्किटं नेली. तिच्या खोट्या केबिनमध्ये पलंगाच्या कडेला बसून सांगितलं. नोव्हेंबरमध्ये ऊन कमी असतं, गर्दी कमी असते, असं काय काय जोडलं.

ती भिंतीच्या कापडावरून बोट फिरवत होती. "ठीक आहे," म्हणाली.

"चिडली नाहीस?"

"नाही. आता नोव्हेंबर काय आणि सप्टेंबर काय."

माझ्या उरावरचा धोंडा उतरला. वय झालं की माणूस समजूतदार होतो हे उशिरा का होईना खरं ठरलं. चहाचा कप मी तिच्या हातात दिला, तेव्हा तिने माझी बोटं धरून ठेवली थोडा वेळ.

३० सप्टेंबर
प्रयोग झाला. बरा झाला. आई आली नाही, मास्तरीणबाईंकडे थांबली. म्हणाली, "तू सांग मला सगळं." मी सेट कसा उभा राहिला ते सांगत बसले. पडद्याचा रंग विचारला तिने. मी म्हटलं लाल. "लाल म्हणजे कुठला?" म्हटलं, "लाल गं, लालसारखा लाल." तिने कपाळाला हात लावला.

८ नोव्हेंबर
उद्या निघायचं. बॅगा भरल्या, औषधं भरली. फ्रिजमधले थेंब घ्यायचे का विचारलं. आई म्हणाली, "नकोत आता. संपलं त्यांचं काम." बाटली तर अर्धी होती.

मास्तरीणबाई निरोप द्यायला आल्या आणि आईच्या गळ्यात पडून रडल्या. आठवडाभराचा तर प्रवास! मला म्हणाल्या, "तिच्याजवळ राहा. आणि बोलत राहा तिच्याशी." म्हटलं, मी बोलायची थांबते कधी?

९ नोव्हेंबर
जहाजावर. दार खरंच रुंद आहे. खुर्ची आत गेली, वॉकर गेला, कपाट न्यायचं म्हटलं असतं तर तेही गेलं असतं. उंबरा नाही. पलंगाशेजारी दांडा, बाथरूममध्ये दांडे. मी सगळे ओढून पाहिले, पक्के आहेत. बरोबर केलं मी.

आईने पूर्ण केबिनला हात लावून फेरी मारली, दारापासून दारापर्यंत. कापड तपासायची सवय, म्हटलं. मग पलंगावर बसली आणि म्हणाली, "आपली घरचीच बरी होती." मी एवढं सगळं केलं आणि हिला घरचे फाटके फ्लॅट बरे!

पण एक आहे. धक्क्यावरून वर येताना तिने माझं कोपर धरलं ते सोडलं नाही. एरवी झिडकारते. आता माझं ऐकायला लागली आहे.

११ नोव्हेंबर
आई झोपली आहे. लिहिते.

सकाळी उठल्या उठल्या आईने विचारलं, "जमीन दिसतेय का कुठे?"

मी खिडकीतून पाहिलं. "नाही."

"मग चल."

वर डेकवर खुर्ची नेली. वारा होता. कठड्याशी तिला बसवली, शाल घातली, ब्रेक लावला, आणि चहा आणायला गेले. रांग होती. मधल्या वेळात डेकवरच्या कुठल्याशा बाईने, थंडी लागेल म्हणून, खुर्ची वळवून आडोशाला लावली होती. मी दोन्ही हातांत कप घेऊन आले तर आई पांढऱ्या पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. भिंत आणि तिच्यात हातभर अंतर. समुद्र तिच्या पाठीशी.

ती हसत होती. माझी पावलं ऐकली आणि म्हणाली, "आलीस? काय सांगू तुला. डोळ्यांचं पारणं फिटलं."

कप खाली ठेवले. तिच्या तोंडापुढे हात हलवला.

"हात हलवतेस ना," ती म्हणाली. हसू गेलं तिचं. "वारा लागला. मी कुठे बघतेय?"

"भिंतीकडे."

"अगं बाई," म्हणाली. "कुणीतरी खुर्ची हलवली, मला वाटलं कठड्याच्या आणखी जवळ नेली."

मी तिच्या पायांशी बसले, ओल्या फळ्यांवर. विचारलं, कधीपासून. तिने सांगितलं, शांतपणे, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. काचबिंदू. उजवा डोळा तर खुबा मोडला त्याच्या आधीच गेलेला. डावा कडेकडेने आत आत येत गेला. मधोमध मात्र लख्ख होता, बोगद्यातून बघितल्यासारखा, म्हणून अक्षर वाचता यायचं आणि पायाखालचं दिसायचं नाही. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं होतं की थेंबांनी थोडा वेळ निघेल, फार नाही. दर गुरुवारी मास्तरीणबाई तिला बागेत नाही, डोळ्यांच्या दवाखान्यात नेत होत्या. मार्चमध्ये दिसत होतं. जूनमध्ये रंग गेले. ऑगस्टमध्ये सगळंच.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला इथे आणलं असतंस?"

नसतं आणलं. खुबा मोडला तर गॅस काढला मी. डोळे म्हटलं असतं तर खोलीबाहेर येऊ दिलं नसतं.

"मला वाटलं मार्चला गेलो की बोटीवर सांगीन," आई म्हणाली. "आधी बघीन आणि मग सांगीन."

मी रडायला लागले. माणसं बघत होती. बघू देत. मी तिच्याकडून समुद्र काढून घेतला, सतरंज्या काढल्या तसाच, काळजी घेता घेता. आणि वर तिच्यावर ओरडले. ती पट्ट्या शोधत होती आणि मी ओरडत होते.

"ऊठ," आई म्हणाली. "रडायला घर आहे. खुर्ची वळव आणि मला सांग, कसला आहे?"

खुर्ची वळवली. कठड्याशी नेली. म्हटलं, "निळा आहे."

"निळा! निळा हा काय रंग झाला?"

"तुझ्या 'खोल समुद्रा'सारखा. अगदी तोच. तू बरोबर होतीस, आई."

"न बघता बोलतेस," म्हणाली. "तुझा आवाज माझ्याकडे येतोय. तिकडे तोंड कर आणि बघ."

मी कठडा धरून वाकले आणि पाहिलं. दोन दिवस पाण्यावर होते, पण पाहिलं तेव्हाच. "आई, निळा वरवर आहे. आत काळा आहे गं. जिथे जहाज कापत जातंय तिथे तर शाईच्या दौतीत बघावं तसा."

"हिरवा?"

"नाही. कुठेच नाही."

"नीट बघ. लाट फुटते तिथे?"

"तिथे पांढरा. आणि लगेच काळा."

तिची बोटं मांडीवर हलत होती, चिमटीतून काहीतरी सोडावं तशी. "म्हणजे निळ्यात काळा घालायचा होता," म्हणाली. "मी हिरवा घालत राहिले. इतकी वर्षं चुकीचा माल गेला." आणि तिचे डोळे भरून आले. आत्तापर्यंत आले नव्हते.

मी म्हटलं, कुणाला कळलं असेल, लोकांनी आवडीने घेतलं. तिने ऐकलं नाही.

"काळा किती?" तिने विचारलं. "टोचेल इतका की नुसता जाणवेल इतका?"

मी पाहिलं. खूप वेळ पाहिलं, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. एकदा वाटायचं सगळा काळाच आहे, एकदा वाटायचं नाहीच. चष्मा पुसून पाहिलं.

"मला नाही सांगता येत गं, आई."

"तेच तर," ती म्हणाली. "ते स्वतःच बघावं लागतं."

मग थंडी वाजते म्हणाली, म्हणून तिला खाली नेलं.